बिल्डिंगचं भूकंपासाठी मजबुतीकरण करून घेतलं: ५ पैकी ४ स्टार, एक स्टार रिंगांचा कापलाय

कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं एकंदरीत चांगली होती, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. पण ऑडिटपासून जॅकेटिंगपर्यंत (म्हणजे जुन्या कॉलमभोवती सळया आणि काँक्रीटचा नवा थर) अख्खं काम मी जवळून बघितलंय. कमिटीत बाकी कुणालाच वेळ नव्हता त्यामुळे साइटवर लक्ष ठेवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, सात महिने सिमेंटची धूळ खाल्ली, तर आता रिव्ह्यू मोठा होणार, चालवून घ्या.

आधी बिल्डिंग कशी आहे ते सांगते. खाली मोकळं पार्किंग, वर पाच मजले, एकूण २२ कॉलम, लिफ्ट आणि जिना एका कोपऱ्यात, जुनी ड्रॉइंग कुणाकडेच नाहीत. वरच्या सगळ्या मजल्यांवर विटांच्या भिंती आहेत आणि खाली नुसते कॉलम. इंजिनिअर लोक याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. वरचे पाच मजले भिंतींमुळे एखाद्या पेटीसारखे एकसंध हलतात आणि वाकायचं, मुरडायचं सगळं काम एकट्या पार्किंगच्या कॉलमना करावं लागतं. २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या अहमदाबादेत ज्या बिल्डिंगा बसल्या त्यातल्या बऱ्याच अशाच होत्या, खाली पार्किंग वर घरं. अमेरिकेत १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात एका अपार्टमेंटचा तळमजला असाच चेपला गेला आणि त्या एका ठिकाणी १६ माणसं गेली. म्हणजे हा प्रकार काही आपल्याकडचाच नाही, जिथं गाड्या लावायला तळमजला मोकळा सोडलाय तिथं सगळीकडे हाच घोळ आहे.

आता पहिल्या कंपनीबद्दल थोडंसं, कारण आम्ही जवळजवळ त्यांनाच काम देणार होतो. एक माणूस आला, तासभर फिरला, प्लास्टरवर टकटक केलं, फोटो काढले आणि चौथ्या दिवशी कोटेशन. सगळ्या कॉलमना पॉलिमर मॉर्टर, क्रॅक भरणं, बाहेरून रंग, आणि शेवटच्या ओळीत ठळक अक्षरात '८ रिश्टरपर्यंत सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट'. कमिटी खूश! रंगाचं काम तसंही करायचंच होतं.

मी नेमकी त्याच सुमारास न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातल्या सीटीव्ही बिल्डिंगबद्दल वाचत होते. सप्टेंबर २०१० च्या भूकंपानंतर त्या बिल्डिंगची वरवरची पाहणी झाली, वापरायला ठीक आहे असं हिरवं स्टिकर लागलं, आणि २२ फेब्रुवारी २०११ ला ती कोसळली, ११५ माणसं गेली. चौकशीत काय निघालं तर कॉलममध्ये रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळून धरणारी आडवी कडी, अपुऱ्या, बीम आणि कॉलमचे जोड कच्चे, आणि जाड भिंती एकाच बाजूला असल्यामुळे बिल्डिंग पिळवटली जाण्याची शक्यता. यातलं काय प्लास्टरवर टकटक करून कळणार होतं? मीटिंगमध्ये एवढंच विचारलं तर सगळे गप्प, मग एकाने कुठून तरी या दुसऱ्या कंपनीचा नंबर काढला.

यांची इंजिनिअर आली आणि पहिल्या मीटिंगमध्ये सर्टिफिकेटचा विषय निघताच सरळ म्हणाली की असं सर्टिफिकेट मी देणार नाही, जो देतो त्याच्यापासून लांब राहा. रिश्टर किंवा मॅग्निट्यूड हा आकडा भूकंपाच्या उगमापाशी किती ऊर्जा सुटली त्याचा असतो, तुमच्या बिल्डिंगला किती हिसका बसणार ते अंतर, खोली, खालची माती आणि बिल्डिंगचा स्वतःचा झोका यावर ठरतं. उदाहरण मेक्सिको सिटीचं दिलं. १९८५ चा ८.० चा भूकंप, केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब, तरी शहरात हाहाकार, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर. तो गाळ साधारण दोन सेकंदाच्या लयीत डोलायला लागला आणि मधल्या उंचीच्या, म्हणजे सहा ते पंधरा मजल्यांच्या बिल्डिंगा त्याच लयीत सापडल्या. त्या मानाने बुटक्या बिल्डिंगा वाचल्या. त्यामुळे 'किती रिश्टर चालेल ताई' हा प्रश्न पुढचे सात महिने कुणी ना कुणी विचारतच राहिलं आणि ती प्रत्येक वेळी न चिडता तेच उत्तर देत राहिली, एवढ्यासाठी अर्धा स्टार तरी जास्त द्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट तिने स्पष्ट केली ती म्हणजे कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, नेमकं काय वचन देतो. लोकांना वाटतं कोडप्रमाणे मजबूत केली की बिल्डिंगला ओरखडा पण येणार नाही. तसं नाहीये. मोठ्या भूकंपात भिंतींना भेगा जातील, काही बीमची टोकं फुटतील, कदाचित नंतर ती बिल्डिंग राहायला योग्य पण नसेल, पण ती अंगावर कोसळता कामा नये आणि आतली माणसं जिवंत बाहेर पडली पाहिजेत, साध्या घरांसाठी हिशोब एवढाच असतो. हॉस्पिटल वगैरेसाठी वेगळा, कडक. हे ऐकून दोघं तिघं नाराज झाले, एवढं करून भेगा जाणारच म्हणे. मला उलट बरं वाटलं, निदान खरं तरी बोलतेय.

मग टेस्टिंग, आणि इथं या लोकांना पैकीच्या पैकी. पंधरा दिवस चाललं होतं. काँक्रीट किती कडक ते मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरची टकटक, मग कॉलमच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावून अल्ट्रासॉनिक पल्सचा वेग मोजायचा, साडेतीन किलोमीटर प्रति सेकंदाच्या वर आला तर काँक्रीट ठीक, तीनच्या खाली गेला तर आत गडबड. आमचे बहुतेक ठीक निघाले, बाथरूमच्या लाइनीखालचे दोन कॉलम सपशेल नापास, वर्षानुवर्षं गळतीचं पाणी पिऊन बसलेले. कोअर म्हणजे काँक्रीटचे गोल नमुने कापून काढले, ड्रॉइंग नाही म्हणून कव्हर मीटरने सळया शोधून सगळं नव्याने कागदावर उतरवलं, पायाची खोली बघायला तीन ठिकाणी खड्डे.

माझ्या डोक्यात राहिलाय तो मात्र एक दिवस. पार्किंगमधल्या एका कॉलमचं प्लास्टर आणि वरचं काँक्रीट वीतभर फोडलं, आतली ताजी बाजू ब्रशने साफ केली आणि त्यावर बाटलीतून काहीतरी फवारलं. फिनॉल्फ्थॅलिन, शाळेत लॅबमध्ये असायचं तेच. आतलं काँक्रीट झटकन गुलाबी झालं, अगदी गुलाबाच्या सरबतासारखं, पण बाहेरचा इंचभर पट्टा राखाडीचा राखाडीच. गुलाबी म्हणजे काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत आणि तो असेपर्यंत सळईला गंज चढत नाही. राखाडी पट्ट्यात तो संपलाय, आणि आमच्या सळया नेमक्या त्या राखाडी पट्ट्यातच होत्या. मग तिने बोटाने रिंग दाखवली. एक रिंग, तिच्या खाली जवळजवळ एक फूट काही नाही, मग दुसरी रिंग. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वळवलेलं. म्हणाली हे जास्त वाईट आहे, गंजाचं बघता येईल.

कारण असं की कॉलम जेव्हा जोरात दाबला आणि वाकवला जातो तेव्हा सळईवरचं काँक्रीट आधी सुटून पडतं. टोक काटकोनात असेल तर त्याला धरून ठेवायला तेवढंच काँक्रीट होतं, ते गेलं की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलमचा भुगा. टोक १३५ अंशात आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रोवलं असेल तर वरचा थर गेला तरी रिंग धरून राहते. फरक फक्त ४५ अंशाचा, एका वाकवणीचा! आत्ताच्या कोडमध्ये कॉलमच्या टोकांपाशी रिंगा चार इंचांहून लांब चालत नाहीत, आमच्याकडे फुटाफुटावर. जुन्या बिल्डिंगा आणि नव्या बिल्डिंगा यांच्यातला खरा फरक सिमेंटपेक्षा या रिंगांमध्ये आहे असं ती म्हणाली ते मला पटलं. जपानने १९८१ मध्ये नियम बदलले आणि १९९५ च्या कोबे भूकंपात त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या बिल्डिंगांमधला फरक स्पष्ट दिसला, त्याच वर्षी त्यांनी जुन्या बिल्डिंगा तपासून मजबूत करण्यासाठी वेगळा कायदाच केला.

रिपोर्ट आला १४० पानांचा. पहिलं पान माणसाला कळेल असं, बाकी आकडे. आत्ताच्या कोडच्या मागणीच्या मानाने बिल्डिंगची ताकद साधारण ४० टक्के. न्यूझीलंडमध्ये अशीच टक्केवारी काढतात, ३४ च्या खाली गेली की बिल्डिंग कायद्याने धोकादायक ठरते आणि तिथले इंजिनिअर शक्यतो ६७ च्या वर न्या असा सल्ला देतात. आम्ही ८० च्या आसपास नेऊ शकतो म्हणाले. पूर्ण १०० का नाही, तर त्यासाठी सगळा पाया उघडावा लागला असता आणि सगळ्यांना बाहेर राहायला जावं लागलं असतं. जुन्या बिल्डिंगला नव्यापेक्षा थोडी सूट भारतातला मजबुतीकरणाचा कोड आयएस १५९८८ पण देतो, त्यामुळे यात काही लबाडी नाही.

आता डिझाइन, हा भाग सगळ्यात भारी. कमिटीचं म्हणणं साधं होतं, जे कॉलम खराब दिसतायत ते जाड करा, बाकीचे सोडा. तिने लॅपटॉपवर तेच करून दाखवलं. खराब कॉलम सगळे एका बाजूला, ते जाड केले की ती बाजू ताठ होते, ताठ भाग भूकंपाचा जोर स्वतःकडे ओढून घेतो, लिफ्टची भिंत पण त्याच कोपऱ्यात, मग बिल्डिंग त्या कोपऱ्याभोवती गरागरा पिळायला बघते आणि समोरच्या बाजूचे जे कॉलम आत्ता चांगले म्हणून सोडले तेच आधी तुटतात. म्हणजे पैसे घालून आम्ही बिल्डिंग आणखी वाईट केली असती. स्क्रीनवर ती लाल होणारी समोरची रांग बघून आमचे अध्यक्ष, जे कधीच गप्प बसत नाहीत, ते गप्प बसले.

शेवटी ठरलं ते असं: १४ कॉलमना काँक्रीटचं जॅकेट, लिफ्टच्या समोरच्या बाजूला पार्किंगमध्ये दोन शिअर वॉल म्हणजे भूकंपाचा आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, त्यांच्याखाली पाया रुंद. आणि जॅकेटच्या सळया तळमजल्याच्या स्लॅबला भोक पाडून वर पहिल्या मजल्यात नेलेल्या. हे पण महत्त्वाचं आहे बरं का, बरेच ठेकेदार जॅकेट स्लॅबच्या खालीच थांबवतात, दिसायला कॉलम जाडजूड पण वाकण्याच्या ताकदीत फारशी भर नाही, कारण जिथं सगळ्यात जास्त वाकतो त्या जोडातच सळई नाही. पहिल्या मजल्यावरचे कॉलम पण केले कारण फक्त तळमजला ताठ केला की कमकुवत मजला नुसता एक पायरी वर सरकतो. कोबेमध्ये महापालिकेच्या एका आठ मजली इमारतीचा मधलाच सहावा मजला बसला होता, वरचे खालचे उभे. पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांच्या हॉलमध्ये कॉलम चार चार इंच फुगले, त्यांनी जो दंगा केला तो वेगळाच रिव्ह्यू होईल. आणि शिअर वॉलमुळे दोन गाड्यांची जागा गेली, त्यावर झालेल्या तीन मीटिंगांबद्दल न बोललेलं बरं.

काहींना ते कार्बन फायबरचं काळं कापड गुंडाळतात ते हवं होतं, जागा जात नाही, काम झटपट. ती नाही म्हणाली नाही, पंपाच्या खोलीतल्या तीन कॉलमना तेच केलं कारण तिथं जागाच नव्हती. पण कापडाने कॉलम आवळला जातो, त्याची फुटण्याविरुद्धची ताकद वाढते, मजल्याचा ताठपणा फारसा वाढत नाही, आणि आमचा रोग ताठपणा कमी असण्याचाच होता. शिवाय त्याला चिकटवणारं इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं म्हणून वरून आगीपासून वाचवणारा थर हवाच. तो थर त्यांनी आधी कोटेशनमध्ये धरलाच नव्हता, मी विचारल्यावर धरला, ही पहिली नाराजी.

आणि आता तो कापलेला स्टार.

ऑफिसमधली माणसं एक नंबर, साइटवरची माणसं मेहनती, पण मधला दुवा ढिला. इंजिनिअर आठवड्यातून एकदाच यायची, बाकी दिवस एक सुपरवायझर जो अर्धा वेळ फोनवर. सुरुवातीचं काम मस्त झालं, टेकू लावले, प्लास्टर काढलं, वायर ब्रशने गंज घासला, जुन्या काँक्रीटला टाचे मारले म्हणजे नवं धरेल, डॉवेलसाठी, म्हणजे जुनं नवं काँक्रीट जोडणाऱ्या सळयांसाठी, भोकं पाडून ब्लोअरने धूळ उडवून मग केमिकल भरलं, चार डॉवेल जॅकने ओढून पण बघितले, एकही हलला नाही. ड्रिल करताना मात्र एक जुनी सळई अर्धी कापली गेली कारण सुपरवायझरने मशीनने सळई शोधायचा कंटाळा केला. ती त्यांनी नंतर जोड देऊन भरून काढली, कबूल पण केलं.

मग रिंगा. जॅकेटमध्ये अख्खी रिंग वरून घालता येत नाही, कॉलम आधीच उभा आहे ना, म्हणून यू आकाराचे दोन तुकडे समोरासमोर घालतात आणि प्रत्येक टोकाला १३५ चा हुक आत वळवतात. एका संध्याकाळी मी मोबाइलचा टॉर्च घेऊन सहज खाली गेले तर तीन कॉलमना सगळे हुक काटकोनात. ज्या रोगासाठी एवढा खटाटोप चाललाय तोच रोग नव्या सळईत! फिटरला विचारलं तर म्हणाला मॅडम यू बसल्यावर आत वळवायला हात जात नाही, आणि फरक काय पडतो, काँक्रीट भरल्यावर सगळं एकच. त्याचं चूक नाही म्हणणार मी, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं का ते. फोटो इंजिनिअरला पाठवले, ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला साइटवर हजर, सगळ्या फिटरना गोळा करून जमिनीवर खडूने काढून समजावलं, रिंगा काढून नव्या बांधल्या.

मग बीम आणि कॉलमचा जोड. तिथं रिंग न्यायची तर बीमला आरपार भोक पाडावं लागतं, कटकटीचं काम, आणि नेमकी तिथंच रिंग चार कॉलमना नव्हतीच. यातल्या एकाचं सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा बंद झालं होतं, उद्या भरणार होते. मी पट्टी लावून फटीतून टॉर्च मारला म्हणून दिसलं, नाहीतर मायक्रो काँक्रीट (जॅकेटमध्ये ओततात ते बारीक खडीचं) पडलं की देव पण बघू शकत नाही आत काय आहे ते. सेंट्रिंग उघडलं, भोकं पाडली, रिंगा घातल्या, चार दिवस गेले. कंपनीने जास्तीचं काही लावलं नाही, त्यानंतर प्रत्येक कॉलम भरण्याआधी इंजिनिअरची सही आणि फोटो अशी पद्धत सुरू केली. पण ती पद्धत पहिल्या कॉलमपासून असायला हवी होती, आणि माझ्यासारखी टॉर्च घेऊन फिरणारी बाई प्रत्येक बिल्डिंगीत असेलच असं नाही.

बाकी किरकोळ: पाणी मारायला म्हणजे क्युअरिंगला माणूस रविवारी यायचा नाही, आम्हीच पाइप धरला. धूळ आणि आवाजाची आधी नोटीस नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दम्याचा त्रास, त्यांना दोन आठवडे मुलीकडे जावं लागलं. प्लास्टरचं फिनिशिंग बरं आहे, फार अपेक्षा ठेवू नका.

ज्यांना असं काम करून घ्यायचंय त्यांना एवढंच विचारायला सांगेन की टेस्ट कोणत्या करणार, बिल्डिंगचं कॉम्प्युटरवर मॉडेल बनवणार का, जोडातून सळई जाणार का, आणि भरण्याआधी कोण बघणार. चौथ्या प्रश्नाला चाचरले तर दुसरा बघा.

एक गोष्ट अजून अडकलीय. गच्चीवरची पाण्याची टाकी विटांच्या चार ठोकळ्यांवर नुसती ठेवलेली आहे, आणि गच्चीचा कठडा पण अर्ध्या विटेचा. भूकंपात बिल्डिंग उभी राहिली तरी असल्या गोष्टी खाली रस्त्यावर येतात, आणि हिसका सगळ्यात जास्त गच्चीवरच जाणवतो. हे कंपनीच्या कामात मुळात नव्हतंच, रिपोर्टच्या पान १३१ वर बारीक अक्षरात 'शिफारस' म्हणून आहे, जे पहिल्या पानावर पाहिजे होतं. विचारल्यावर त्यांनी टाकी बांधायचं ड्रॉइंग फुकट करून दिलं, कमिटी म्हणतेय पुढच्या वर्षी बघू. मी तोवर घरातलं कपाट आणि पुस्तकांचं रॅक भिंतीला एल पट्ट्यांनी आवळून टाकलंय, आणि टाकीचं काम याच लोकांनी केलं तर हा रिव्ह्यू अपडेट करेन, हुक आधी बघून.